ग्रहांची आवर्तने आणि माणसांचा इतिहास

२१ डिसेंबर २०२० रोजी सूर्यास्तानंतर पश्चिम आकाशात गुरू आणि शनी हे दोन ग्रह इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना ते जणू एकच तेजस्वी तारा भासावेत. त्या दिवसांत आपली शाळा बंद होती आणि वसतिगृह ओस पडले होते. पुढे वर्ग पुन्हा भरू लागल्यावर नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, महामारी त्या युतीमुळे आली असे आमच्या गल्लीत सगळे म्हणत होते. ते खरे का?" मागच्या बाकावरील मुलीने आम्हाला उत्तर देण्याची संधीच दिली नाही. ती म्हणाली, "साथ मार्चमध्ये आली आणि युती डिसेंबरात झाली. मग युतीने मागे जाऊन साथ आणली काय?" वर्ग हसला.

त्या हसण्याने प्रश्न संपला नाही. आम्ही दोघे, एक इतिहास शिकविणारा आणि एक विज्ञान, त्या दिवसापासून याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिलो. इतिहासात काही गोष्टी पुन्हा पुन्हा घडताना दिसतात. दुष्काळ, बंडे, साम्राज्यांचे उदयास्त. आकाशातही आवर्तने आहेत. या दोहोंमध्ये काही धागा आहे काय? स्मरणिकेच्या निमित्ताने, वर्गात तुकड्यातुकड्यांनी झालेली ती चर्चा येथे एकत्र मांडत आहोत.

आपल्या भाषेतच ही आवर्तने मुरलेली आहेत. बारा वर्षांना आपण 'एक तप' म्हणतो. गुरूची सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणाही ११.८६ वर्षांची, म्हणजे बारापेक्षा किंचित कमी. शनी साडेएकोणतीस वर्षांत राशिचक्र पुरे करतो, एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. अशा तीन राशींची मिळून 'साडेसाती' होते. गुरू आणि शनी यांची युती सुमारे वीस वर्षांनी येते आणि अशा तीन युतींत साठ वर्षे भरतात. पंचांगातील प्रभवादी साठ संवत्सरांचे चक्रही तेवढेच. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर या ज्योतिष्याने याच युतींच्या आधारे धर्मांचे आणि राजघराण्यांचे उदयास्त सांगण्याचा मोठा ग्रंथ रचला. गणित म्हणून हे सारे सुंदर आहे. परंतु दर वीस वर्षांनी येणाऱ्या घटनेजवळ कोणत्या ना कोणत्या राजाचा मृत्यू किंवा युद्ध सापडणारच, हे ध्यानात घेतले की त्या ग्रंथाचे ओझे बरेच हलके होते.

खरा विचार करण्याजोगे प्रकरण ग्रहांचे नाही, सूर्याचे आहे. जर्मनीतील देसाऊ गावी हाइनरिक श्वाबे नावाचा औषधविक्रेता १८२६ पासून सूर्यावरील डागांची नित्य नोंद ठेवीत असे. त्या नोंदींवरून १८४३ च्या सुमारास त्याला दिसले की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी वाढते व घटते. पुढे रुडॉल्फ वुल्फ याने हा काळ सरासरी ११ वर्षांचा ठरविला. हे चक्र खरे आहे, मोजता येते आणि आजही चालू आहे. मग एवढ्या खऱ्या चक्राचा पृथ्वीवर परिणाम होत नसेल काय, असा प्रश्न विद्वानांना पडणे स्वाभाविक होते. विल्यम हर्षेल याने तर त्याही आधी, १८०१ साली, डाग कमी असताना इंग्लंडात गहू महागतो असे सुचविले होते. १८७८ साली विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने त्यापुढचे पाऊल टाकले. इंग्लंडातील व्यापारी संकटे सुमारे साडेदहा वर्षांनी येतात आणि त्यांचे मूळ सूर्यात आहे, अशी त्याची मांडणी होती. दुवा कोणता? तर हिंदुस्थान. सूर्य बिघडला की इकडचे पीक बुडते, पीक बुडाले की येथील शेतकरी मँचेस्टरचे कापड घेत नाही आणि तिकडे पेढ्या कोसळतात. या मांडणीत एक अडचण होती. वुल्फचे चक्र ११ वर्षांहून थोडे मोठे, तर संकटांचे साडेदहाचे. जेव्हन्सने ती अडचण सोडविली ती डागांच्या चक्राचा दुसऱ्या एका अभ्यासकाने काढलेला लहान आकडा स्वीकारून. संकटांच्या यादीतील काही वर्षांपुढे तर त्याने स्वतःच प्रश्नचिन्ह ठेवले होते. जेव्हन्स लबाड नव्हता, मोठ्या योग्यतेचा माणूस होता. म्हणूनच हे उदाहरण विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते.

याच सुमारास हा विषय थेट आपल्या अंगणात आला. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग दुष्काळाने होरपळत होता. सोलापूर, अहमदनगर, विजापूर या जिल्ह्यांत गावेच्या गावे उठून गेली. एकट्या ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मेली, असे अंदाज आहेत. १८७७ च्या नोव्हेंबरात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकी प्रमुख विल्यम हंटर यांनी मिळून लंडनच्या एका मासिकात लेख लिहिला. सूर्यावर डाग कमी असतात तेव्हा मद्रासकडे पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. रिचर्ड स्ट्रॅची याने त्याच वर्षी मद्रासचे आकडे तपासून या जुळणीविषयी गंभीर शंका घेतली. परंतु कल्पना आकर्षक होती आणि ती बराच काळ टिकली.

आता त्या दोन वर्षांत जमिनीवर काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणी व्हिक्टोरिया हिला सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार थाटात भरला. परदेशी जाणारा गहू थांबला नाही. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हे लिटनच्या कारभाराचे सूत्र होते. त्याने पाठविलेल्या रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. एवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीविरुद्ध काम सोडून उठले. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे धाडीत होती. सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांसाठी धनकवडी येथे बालाश्रम चालविला आणि सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तेथील हालअपेष्टांचे वर्णन केले आहे. एकच दुष्काळ. लंडनच्या मासिकात त्याचे कारण सूर्य होता. ओतूरच्या पत्रात भुकेली माणसे होती, त्यांना नाडणारे होते आणि त्यांच्यासाठी धावणारेही होते.

सूर्यावर दोष टाकल्याने काय साधते, हे येथे स्पष्ट दिसते. सूर्यावर खटला भरता येत नाही.

तरीही प्रामाणिकपणा असा की, सिद्धांत सोयीचा आहे एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. तो तपासावा लागतो. आम्ही दहावीच्या मुलांना डागांच्या न्यूनतम आणि कमाल वर्षांचा तक्ता दिला आणि त्याशेजारी दुष्काळ मांडावयास सांगितले. १८७६-७८ चा दुष्काळ १८७८ च्या न्यूनतम बिंदूजवळ बसतो. १८९९-१९०० चा छप्पन्न्या १९०२ च्या न्यूनतमाच्या थोडा अलीकडे. येथवर मुले खूश होती. मग १८९६-९७ आला, तो उताराच्या मध्यावर. १९१८ चे अवर्षण १९१७ च्या कमाल बिंदूला खेटून, म्हणजे नेमके उलट. १९७२ पुन्हा अधेमधे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ न्यूनतमाजवळ पडतो खरा. परंतु तो पाऊस न पडल्यापेक्षा युद्ध, महागाई आणि सरकारी धोरण यांनी घडविला, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे.

हेच काम मोठ्या प्रमाणावर गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचा प्रमुख असताना केले. डाग आणि पाऊस यांचा संबंध त्याला फारच क्षीण आढळला. परंतु आकडे चाळताना त्याला प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा एक मोठा हेलकावा सापडला. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो, त्याच्याशी हा हेलकावा निगडित आहे. १८७७, १८९९, १९१८, १९७२ या सर्व वर्षी एल निनो होता. तो साधारण दोन ते सात वर्षांनी येतो, पण ठरावीक तारखेला येत नाही. आणि १९९७ साली तो अतिप्रबळ असूनही आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. सूर्याचे घड्याळ शोधता शोधता सापडला तो समुद्र, आणि तोही घड्याळाप्रमाणे न चालणारा.

दुष्काळाचे झाले. क्रांत्यांचे काय? अलेक्झांडर चिझेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९२४ साली कालुगा येथे एक पुस्तक प्रसिद्ध करून असे प्रतिपादिले की सौरडाग वाढले की जनसमूह प्रक्षुब्ध होतात. पुढे १९४२ साली त्याला अटक झाली आणि आठ वर्षे छावण्यांत काढावी लागली. त्याची यादी पाहणाऱ्यास क्षणभर भूल पडते. फ्रान्सची राज्यक्रांती १७८९, डागांचा कमाल बिंदू १७८८. युरोपातील उठाव १८४८, कमाल १८४८. रशिया १९१७, कमाल १९१७. त्याच्या मृत्यूनंतरचे उदाहरण हवे तर बर्लिनची भिंत १९८९, कमाल १९८९. आता दुसरी यादी करावी. अमेरिकेचे स्वातंत्र्य १७७६, न्यूनतम १७७५. आपला १८५७ चा उठाव, न्यूनतम १८५५ च्या अखेरीस. चीनची क्रांती १९११, न्यूनतम १९१३. जर्मनीत हिटलर सत्तेवर १९३३, न्यूनतम १९३३. 'चले जाव' १९४२, न्यूनतम १९४४. शिवाय साधे गणित असे की, कमाल वर्षाच्या मागे-पुढे दोन वर्षे 'जवळ' मानली तर अकरापैकी पाच वर्षे त्यात येतात. म्हणजे डोळे मिटून निवडलेल्या शंभर घटनांपैकी पंचेचाळीस आपोआपच जुळतील.

येथे एका विद्यार्थिनीने आम्हाला अडचणीत आणले. तिने तक्त्यात महाड शोधले. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७, मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ आणि डागांचा कमाल बिंदू १९२८. "म्हणजे बाबासाहेबांचे चिझेव्स्कीशी जुळते की!" वर्गात शांतता पसरली. आम्ही तिला तक्त्यात थोडे मागे जावयास सांगितले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करवून घेतला तो ऑगस्ट १९२३ मध्ये. सूर्यावर तेव्हा डाग जवळजवळ नव्हतेच. महाड नगरपालिकेने तो मान्य केला, पण तळ्यावर जाण्याची वाट मोकळी झाली नाही. मधल्या वर्षांत बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, परिषदेची तयारी झाली, माणसे दूरदूरच्या गावांहून चालत आली आणि पाणी प्याल्यावर त्यांनी मारही खाल्ला. यांपैकी कोणते पाऊल सूर्याने टाकले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "एकही नाही. पण तक्ता बघून तसे वाटते." हे 'वाटणे' किती बळकट असते, हे त्या दिवशी आम्हालाही नव्याने कळले.

मग आकाशाचा इतिहासावर काहीच परिणाम नाही काय? आहे, आणि फार मोठा आहे. मात्र तो पंचांगात मावणारा नाही. पृथ्वीचा आस सुमारे सव्वीस हजार वर्षांत भोवऱ्यासारखा एक फेरा घेतो. त्याचा कल सुमारे एक्केचाळीस हजार वर्षांत कमी-अधिक होतो. कक्षेचा आकार सुमारे लाख वर्षांत बदलतो. सर्बियाचे गणितज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी हिमयुगांचे मूळ या फरकांत शोधले आणि १९७६ साली समुद्रतळाच्या गाळाने त्यांना मोठा दुजोरा दिला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात आजच्यापेक्षा अधिक ऊन पडत असे, मोसमी पाऊस आफ्रिकेत दूरवर पोहोचे आणि आजच्या सहारा वाळवंटात सरोवरे व गवताळ राने होती. अल्जीरियातील तासिली येथील शैलचित्रांत गुरांचे कळप आजही दिसतात. पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते रान वाळत गेले आणि माणसे नाईलसारख्या पाणवठ्यांकडे सरकली. हा आकाशाने घडविलेला इतिहास आहे. मात्र त्याचा एक फेरा शेकडो पिढ्यांचा. अकरा वर्षांच्या सौरचक्रात तर सूर्याच्या तेजात पडणारा फरक हजारात एक भाग एवढाच असतो.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न येतो. नक्षत्त जातकातील कथा पुष्कळांना ठाऊक असेल. लग्नाचा दिवस ठरल्यावर आपल्याला विचारले नाही म्हणून रुसलेल्या आजीवकाने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. वरपक्ष गेला नाही आणि वधूपक्षाने मुलगी दुसऱ्याला दिली. परंतु आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे ते दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त. त्यात इतिहासाचे एक पूर्ण आवर्तन आहे. माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर येते आणि पुन्हा वाढते. ते खाली का येऊ लागते? राजा निर्धनांना धन देत नाही म्हणून. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीवर शिरच्छेदाची शिक्षा, शिक्षेतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या. ते वर का चढू लागते? संहारातून वाचलेली माणसे एकमेकांना भेटून यापुढे हत्या करावयाची नाही असे ठरवितात म्हणून. अंगुत्तरनिकायातील अधम्मिक सुत्त तर बाण उलटाच फिरविते. राजे अधर्माने वागू लागले की चंद्रसूर्य आणि ऋतू वाट सोडतात आणि पाऊस नीट पडत नाही, असे तेथे म्हटले आहे. हवामानशास्त्र म्हणून आम्ही ते शिकवीत नाही. जबाबदारी कोणत्या टोकाला ठेवली आहे, एवढेच दाखवितो.

आपल्या पालकांपैकी अनेकांनी १९७२ पाहिला आहे. तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांची संख्या १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या घरात गेली होती. परदेशातून आलेली मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव कोणी विसरलेले नाही. जनावरे मेली, घरे मोडली, कित्येक कुटुंबे मुंबई-पुण्याला गेली ती परतली नाहीत. परंतु १८७७ प्रमाणे लाखोंनी प्रेते पडली नाहीत. पाऊस दोन्ही वेळा रुसला होता आणि एल निनोही दोन्ही वेळा होता. फरक मतपेटीचा, वर्तमानपत्रांचा, मोर्चांचा आणि काम मागण्याच्या त्या आग्रहाचा होता, ज्यातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

दहावीचा तो तक्ता आता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात सौरडाग, तिसऱ्यात दुष्काळ. मुलांनी आपण होऊन पेन्सिलीने चौथा रकाना ओढला आहे आणि त्यावर 'धान्य कोठे होते?' असे लिहिले आहे. त्यातील १९७२ ची ओळ ती मुले आपापल्या आजी-आजोबांना विचारून भरीत आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी त्या वर्षाच्या आठवणी असतील, त्यांनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या भिंतीपाशी अवश्य यावे. पेन्सिल तेथेच दोरीला बांधून ठेवली आहे.