शाळेच्या पेटीतील धातूच्या भागांची निगा

पावसाळा संपल्यावर शाळेची पेटी उघडली, म्हणजे तिच्या कड्या, बिजागऱ्या व खटके काळवंडलेले आढळतात. मुले हौसेने चिंच व रांगोळी घेऊन ती लख्ख करावयास बसतात. घरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना हा उपाय उत्तम होय. पेटीला मात्र तो सर्वत्र लागू पडत नाही.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. दमट हवेत त्यावर प्राणवायूचा परिणाम होऊन काळपट थर बसतो. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या योगाने हिरवट कळंक धरतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल हा थर विरघळविते. परंतु ते धातूवर फार वेळ राहिल्यास जस्तही खाल्ले जाते व पितळ तांबूस पडते. म्हणून साधी पितळी कडी किंवा बिजागरी पेटीपासून सोडवूनच चिंचेने घासावी, लगेच भरपूर पाण्याने धुवावी व पूर्ण कोरडी करून बसवावी. जे भाग पांढरे चकाकतात त्यांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. तो अतिशय पातळ असल्याने रांगोळीने निघून जातो व खालचे पिवळे पितळ उघडे पडते. असे भाग मऊ कोरड्या फडक्यानेच पुसावेत. गंजलेला स्क्रू फिरत नसेल, तर जोर न करता तेलाचा एक थेंब सोडून दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा.

खरी काळजी सुरांची. प्रत्येक सुराची पितळी जीभ एका टोकास पक्की असून दुसरे टोक खाचेत कंप पावते. जिभेच्या मोकळ्या टोकाचा धातू किंचित घासला, तर ते हलके होऊन स्वर चढतो. मुळाशी घासला, तर जीभ लवचीक होऊन स्वर उतरतो. सलग दोन स्वरांतील अंतर कंपसंख्येच्या अवघे सुमारे ६ टक्के. तेव्हा २ टक्क्यांचा फरकही कानास खटकतो. पॉलिश कागदाचे चार हातही पेटी बेसूर करण्यास पुरे होतात. काळवंडलेला सूर ठीक बोलत असेल, तर त्यास हात न लावणे हेच शहाणपणाचे. धूळ अडकून तो बोलत नसेल, तर मऊ कोरडा कुंचला मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवावा. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातील ओलावा पितळावर बसतो. तेलही लावू नये. त्यावर धूळ चिकटते.

इयत्ता सहावी-सातवीच्या विज्ञानाच्या तासास हा विषय सहज जोडता येईल. जुन्या बिजागरीचे तीन काळे तुकडे साधे पाणी, मिठाचे पाणी व चिंचेचा कोळ यांत अर्धा तास ठेवून मुलांनीच फरक नोंदवावा. हिरवा कळंक विषारी असल्याने हात धुवावेत व तो कोळ फेकून द्यावा (चिंच म्हटली की कोणाचे बोट तोंडाकडे जाईल, याचा नेम नाही!).

सूर काढावाच लागला, तर त्याच्या जागेचा क्रमांक लाकडावर पेन्सिलीने आधी लिहून ठेवावा. स्वर उतरला किंवा चढला असल्यास तो लावण्याचे काम पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.