बालवाडीची निवड आणि प्रवेश : वनजिल्ह्यांतील पालकांनी काय पाहावे?

एटापल्ली, भामरागड किंवा धानोरा तालुक्यातील प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात आलेले एखादे मूल अनेक आठवडे तोंडातून शब्द काढीत नाही. प्रश्न विचारला तर ते खाली पाहते. असे मूल बुद्धीने मंद आहे असा समज लवकर होतो आणि पुढे तोच समज त्याच्या शिक्षणाच्या आड येतो. वस्तुतः त्या मुलाने वर्गातील भाषा तोपर्यंत पुरेशी ऐकलेलीच नसते. घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते. या भाषा द्राविडी कुळातील असून मराठीपासून फार दूरच्या आहेत. ज्या मुलाने पाण्याला आजवर 'एर' म्हटले, त्याला पाणी मागण्यासाठी नवा शब्द शिकावा लागतो आणि तो शिकेपर्यंत तहानही मुकाट्याने सोसावी लागते.

ही अडचण पहिलीच्या वर्गात दिसून येत असली तरी तिचे मूळ त्याआधीच्या तीन वर्षांत असते. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मूल कोठे बसते, कोणाजवळ बसते आणि कोणत्या भाषेत बोलते, यावर त्याच्या शालेय जीवनाचा पाया अवलंबून असतो. म्हणून बालवाडी निवडताना पालकांनी संस्थेच्या नावापेक्षा व गणवेशापेक्षा तीन गोष्टींना अधिक महत्त्व द्यावे. ती घराजवळ असावी, तेथे मुलाची भाषा जाणणारी व्यक्ती असावी आणि ती रोज नियमितपणे भरणारी असावी.

अंगणवाडीची मूळ कल्पना

लहान मुलांच्या शाळेची कल्पना जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली प्रत्यक्षात आणली व पुढे तिला 'बालोद्यान' या अर्थाचे नाव दिले. इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य हाती घेतले. अनुताई वाघ याही या कार्यात सहभागी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या पाड्यांमध्ये गेले.

बालवाडी उघडूनही पाड्यांवरील मुले तेथे येत नाहीत, हा अनुभव या दोघींना आला. तेव्हा मुलांना दोष देत न बसता त्यांनी बालवाडीच पाड्यावरील घरांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी होय. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्याचा प्रयोगही त्यांनी केला. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे त्यामागील सूत्र होते.

केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, पूर्वशालेय अनौपचारिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा तिच्यात एकत्र करण्यात आल्या. अंगणवाडीत केवळ खाऊ वाटला जातो, असे समजणारे पालक यांतील एक सेवा पाहतात व उरलेल्या पाच विसरतात.

वनभागातील परिस्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांत एकच भाषा सर्वत्र बोलली जाते असे नाही. झाडीपट्टीत मराठीची झाडीबोली आहे, सिरोंचा व राजुरा भागांत तेलुगू आहे, कोरचीकडे छत्तीसगढी आहे, चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत बंगाली भाषिकांच्या वसाहती आहेत आणि जिवती परिसरातील डोंगरात कोलामी बोलणारे कोलाम गुडे आहेत. अशा भागात बालवाडीतील पहिला प्रश्न भाषेचाच असतो.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे. टोले व पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात नाले भरतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वर्षानुवर्षे घडत आले आहेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ-बिबट्यांच्या वावरामुळे झुडपातून जाणारी पायवाट लहान मुलासाठी धोक्याची ठरते.

तिसरा प्रश्न हंगामाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी व मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी आईवडील पहाटेच रानात जातात. घरचे लहान मूल मग आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येते आणि तिची शाळा बुडते. अंगणवाडी वेळेवर उघडली तर धाकट्याची सोय होते आणि थोरलीचे शिक्षणही वाचते. एका दाराने दोन मुलांचे भले होते, ही गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

निवड करताना काय पाहावे?

प्रवेश घेण्यापूर्वी आई किंवा वडिलांनी एक सकाळ बालवाडीत बसून काढावी. पुढील बाबी त्या एका भेटीत कळून येतात.

(१) वाट : मूल मोठ्या माणसाबरोबर चालत जाऊ शकेल एवढेच अंतर असावे. वाटेत नाला, उघडी विहीर किंवा दाट झुडूप आहे काय ते पाहावे.

(२) सेविका : ती मुलांशी कोणत्या भाषेत बोलते? रडणाऱ्या मुलाला जवळ घेते की दटावते? अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियम आहे. मुलाची भाषा जाणणारी व्यक्ती त्याला मिळावी, हा त्याचा मोठा लाभ होय. आरंभी मुलाची भाषा, मग गाण्यांतून व खेळांतून हळूहळू मराठी, हाच क्रम योग्य आहे.

(३) दिवसाचा क्रम : गाणी, गोष्टी, मोकळा खेळ, बिया व दगड मोजणे, मातीकाम, चित्रे आणि विश्रांती यांना वेळ आहे काय? तीन-चार वर्षांच्या मुलांना तासन् तास अक्षरे गिरवायला लावणे म्हणजे शिक्षण नव्हे. बोटांचे स्नायू पुरेसे बळकट होण्यापूर्वी लेखनाची सक्ती केल्यास मुलाला लेखनाचाच कंटाळा येतो.

(४) आहार व पाणी : तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम शिजविलेला आहार मिळावयास हवा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या मूळ तरतुदीनुसार त्यातून दररोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित होते. पिण्याचे पाणी झाकलेले असावे आणि जेवणापूर्वी हात धुण्याची सवय मुलांना लावलेली असावी.

(५) नियमितपणा : मागील महिन्यात अंगणवाडी किती दिवस उघडली होती हे शेजारच्या घरी विचारावे. हजेरीपटापेक्षा शेजाऱ्यांचे उत्तर अधिक बोलके असते.

कॉन्व्हेंटची ओढ

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, देसाईगंज, आलापल्ली अशा ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या पूर्वप्राथमिक वर्गांना सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हटले जाते. आपल्या मुलाने पुढे जावे म्हणून पालक तेथे वळतात व त्यासाठी काटकसर करतात. त्यांच्या या इच्छेचा आदरच केला पाहिजे. तथापि काही प्रश्न आधी विचारणे हिताचे आहे. एका शिक्षिकेकडे किती मुले आहेत? वाहनात किती मुले बसविली जातात व प्रवासाला किती वेळ लागतो? शुल्काखेरीज पुस्तके, गणवेश, सहल यांचा वर्षाचा एकूण खर्च किती? पुढील वर्ग त्याच संस्थेत आहेत काय? घरात कोणीही न बोलणारी भाषा तीन वर्षांच्या मुलावर अचानक लादली तर मूल शब्द पाठ करते, परंतु त्या भाषेत विचार करू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही जेथे शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये अल्पसंख्याक संस्था वगळता इतर विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा आहेत. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास ही तरतूद त्या वर्गांनाही लागू होते. याची माहिती शिक्षकांनी गरजू पालकांना द्यावी.

वय आणि कागदपत्रे

राज्यात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबर रोजी ३ वर्षे पूर्ण होणारे मूल पूर्वप्राथमिकच्या पहिल्या वर्गास व ६ वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीस पात्र धरले जाते. आश्रमशाळेत लवकर सोय व्हावी म्हणून पाच वर्षांच्या मुलाचे वय वाढवून सांगू नये. घरापासून दूर राहण्यास ते मूल तयार नसते आणि चुकीची जन्मतारीख त्याला आयुष्यभर अडचणीत आणते.

जन्मनोंदणीचा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. जन्मापासून २१ दिवसांच्या आत केलेली नोंदणी विनाशुल्क असते. एक महिन्यानंतर विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घरी बाळंतपण झालेल्या दुर्गम पाड्यांवर हा उशीर सहज होतो. काही वेळा जन्माची नोंद झालेली असते, परंतु मुलाचे नाव लिहिलेले नसते. ते नंतरही नोंदविता येते.

मात्र कागद नाही म्हणून मुलाला परत पाठविणे योग्य नव्हे. वयाचा पुरावा नसल्याच्या कारणाने शाळाप्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. या कायद्याच्या नमुना नियमांत रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंदवही, अंगणवाडीतील नोंद आणि पालकांचे घोषणापत्र हे पर्यायी पुरावे म्हणून सांगितले आहेत. अंगणवाडीत वेळीच नाव नोंदविण्याचा हाही एक उपयोग आहे. मुलाला आधी बसवून घ्यावे व कागद मागाहून पुरे करावेत, हा क्रम असावा.

आरोग्याची माहिती सेविकेला द्यावी

प्रवेशाच्या वेळी लसीकरण पत्रिका दाखवावी. गोवर-रुबेला लसीचे दोन डोस, दीड वर्षाच्या सुमारासचा व पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणी लसीचा वर्धक डोस आणि पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व 'अ' च्या मात्रा पूर्ण झाल्या आहेत काय ते पडताळावे. पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी. पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषणाचे लक्षण होय. अशा मुलास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

या भागात सिकलसेलचा आजार आढळतो. मुलास तो असल्यास पालकांनी सेविकेला निःसंकोच सांगावे. अशा मुलाला वरचेवर पाणी पाजणे, थंडीपासून जपणे, अति दमणूक टाळणे आणि ताप किंवा अंगदुखी सुरू होताच दवाखान्यात पोहोचविणे आवश्यक असते. हिवतापाच्या भागात थंडी वाजून ताप आलेल्या मुलाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

ग्रामपंचायतीचे दायित्व

घराजवळ बालवाडीच नसेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, त्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. याहून लहान आदिवासी पाड्यांसाठी १५० ते ३०० लोकसंख्येमागे लहान अंगणवाडीचे प्रमाण ठरविण्यात आले होते. मुलांची नावनिशीवार यादी करून ग्रामसभेचा ठराव बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठविणे हे पंचायत सदस्यांचे काम आहे. वाटेवरील झुडूप तोडणे, नाल्यावर साकव घालणे, पाण्याची सोय करणे आणि मोह-तेंदूच्या हंगामात अंगणवाडीची वेळ पहाटेच्या कामाशी जुळवून घेण्याची मागणी करणे, हेही पंचायतीला करता येण्यासारखे आहे.

पहिलीच्या शिक्षकांनी वर्षातून दोन-तीनदा अंगणवाडीत जाऊन येणाऱ्या मुलांची ओळख करून घ्यावी व त्यांच्या भाषेतील शंभरएक शब्द लिहून ठेवावेत. सेविकेनेही मे महिन्यात आपली मुले एक दिवस शाळा पाहण्यास न्यावीत. या दोन भेटींना पैसा लागत नाही. परंतु त्या झाल्या म्हणजे जूनमध्ये पहिलीत बसणाऱ्या मुलाला वर्गात निदान एक ओळखीचा चेहरा दिसतो आणि त्याने 'एर' मागितले तर पाणी देणारे कोणीतरी तेथे असते.