ख्रिस्ती उपासनेला प्रथमच जाताना

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मित्राचे वडील वारले. अंत्यविधीची उपासना त्यांच्या चर्चमध्ये होती. आम्ही चौदा-पंधरा जण वेळेवर पोहोचलो आणि तासभर फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिलो. आम्हांला कोणी मज्जाव केला नव्हता. आपल्याला आत जाता येते की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. चपला काढायच्या का? बसायचे कोठे? सगळे गुडघे टेकू लागले तर आपण काय करायचे? आतून पेटीचे सूर ऐकू येत होते आणि आम्ही पानाच्या टपरीच्या सावलीत कुजबुजत होतो. पुढे काही दिवसांनी मित्राने एवढेच विचारले, "इतक्या लांब आलात, मग आत का नाही आलात?"

त्यानंतरच्या एका रविवारी मी त्याच्याबरोबर उपासनेला गेलो. पुढेही काही वेळा गेलो, आणि वसईला एका कॅथलिक स्नेह्याकडे उतरलो असताना मिस्साही पाहिली. त्या अनुभवावर आणि थोड्याफार वाचनावर प्रस्तुत लेख आधारलेला आहे.

प्रथम एक मूलभूत फरक सांगितला पाहिजे. देवळात आपण दर्शनाला जातो. सवडीने जातो, घंटा वाजवतो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालून बाहेर पडतो. शेजारचा भाविक त्या वेळी काय करीत आहे याच्याशी आपला संबंध नसतो. रविवारची ख्रिस्ती उपासना मात्र सर्वांनी मिळून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने करायची असते. तिचे नाते दर्शनापेक्षा कीर्तनाशी अधिक जवळचे. मराठी ख्रिस्ती माणूस 'आमची मंडळी' म्हणतो तेव्हा त्याला इमारत अभिप्रेत नसते, तीत जमणारी माणसे अभिप्रेत असतात. तेव्हा दहा मिनिटे आधी जावे. उशीर झालाच, तर प्रार्थना चालू असेपर्यंत दाराशी थांबावे आणि गीत सुरू झाले की मागच्या बाकावर बसावे. चपलांचा प्रश्न दाराशीच सुटतो: बाके असतील तेथे बहुधा पादत्राणे घालूनच बसतात, सतरंजी अंथरलेली असेल तेथे ती बाहेर काढतात. काही ठिकाणी पुरुष एका बाजूला व स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात, आणि पुष्कळ स्त्रिया डोक्यावरून पदर घेतात. पाहुण्या स्त्रीने पदर घेतला नाही म्हणून कोणी टोकल्याचे मी पाहिले नाही.

आत गेल्यावर पहिले आश्चर्य संगीताचे. मी इंग्रजी चालींच्या अपेक्षेने गेलो होतो आणि कानी पडला तो अभंग! साथीला पेटी, तबला आणि झांजा. आश्चर्य खरे तर माझ्या अज्ञानाचे होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईस आले व 1831 मध्ये त्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे ठाणे केले. पण मराठी ख्रिस्ती उपासनेला मराठी गळा दिला तो प्रामुख्याने रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये ते निवर्तले. या चोवीस वर्षांत त्यांनी रचलेली भजने, अभंग आणि पदे आजही रविवारोरविवार गायिली जातात. आपण बी.ए.च्या वर्गात टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तून त्यांच्या संसाराला भेटतो. पण त्यांच्या रचना ज्यांना मुखोद्गत आहेत ती माणसे आपल्या वर्गाबाहेर, बाकांवर बसलेली असतात, हे मला तेथे जाईपर्यंत सुचले नव्हते. माझ्या शेजारच्या आजी पुस्तक न उघडता सगळी कडवी म्हणत होत्या.

गीतांचे पुस्तक 'उपासना संगीत' या नावाचे असते. आज गावयाच्या गीतांचे क्रमांक भिंतीवरील फळ्यावर लावलेले असतात किंवा पाळक ते पुकारतात. पुस्तक नसेल तर शेजारी आपले पुढे सरकवतो. गाता येत नसेल तर नुसते उभे राहावे. गीताला सर्व उभे राहतात, वाचनाला व उपदेशाला बसतात, प्रार्थनेला मस्तक लववून डोळे मिटतात. पाहुण्याने पुढच्या बाकाकडे लक्ष ठेवले की पुरे.

क्रम स्थूलमानाने असा: स्तुती, पापांगीकार, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार, उपदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण आणि शेवटी आशीर्वाद. मंडळीगणिक यात थोडे मागेपुढे होते. यांपैकी पापांगीकाराने मी चपापलो. आता एकेकाला उठवून पापे विचारतात की काय, असे क्षणभर वाटले! तसे काही नसते. सर्वजण एका सुरात ठरावीक शब्दांत सामुदायिक कबुली देतात. ज्यावर आपला विश्वास नाही ते शब्द पाहुण्याने उच्चारू नयेत. गप्प राहणेच प्रामाणिकपणाचे, आणि कोणी ते मनावर घेत नाही. प्रार्थनेअखेरच्या 'आमेन' या हिब्रू शब्दाचा अर्थ 'तसे असो' असा आहे, एवढे ठाऊक असले की बरे.

उपदेश वीस मिनिटे ते पाऊण तास चालतो. तो कसा होईल हे पाळकांवर अवलंबून. आमच्या व्याख्यानांप्रमाणेच काही रंगतात, काही रंगत नाहीत. अर्पणाची पिशवी किंवा थाळी रांगेतून फिरते. पाहुण्याने त्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही. ती पुढे द्यावी.

आता माझ्या फजितीचा प्रसंग. तो महिन्याचा पहिला रविवार होता. बऱ्याच मंडळ्यांत त्या दिवशी प्रभुभोजन असते. येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर घेतलेल्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा व द्राक्षरस दिला जातो. लोक एकेका बाकावरून उठून पुढे जाऊ लागले, तसा मीही उठलो. माझा हिशेब सरळ होता. आपल्याकडे प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा आणि देणाऱ्याचाही अपमान. तेव्हा घेतलाच पाहिजे. मित्राने सदऱ्याचे टोक धरून मला खाली बसवले!

नंतर त्याने समजावून सांगितले ते असे. प्रसाद येईल त्याला वाटायचा असतो, जितक्या मुखी जाईल तितका चांगला. प्रभुभोजन हे वाटप नव्हे, तो करार आहे. ज्याने बाप्तिस्मा घेऊन, आणि पुष्कळ मंडळ्यांत त्यानंतर दृढीकरणाचा विधी होऊन, ती बांधिलकी पत्करली तोच ते घेतो. म्हणून पाहुण्याने जागीच बसून राहणे हा अनादर ठरत नाही, उलट त्या विधीला मान दिल्यासारखे होते. प्रथम मला यात थोडा दुरावा जाणवला, हे कबूल करतो. मग आठवले की आमच्या घरी मुंजीत भिक्षावळीला आलेला तो मित्र मातृभोजनाच्या पानावर बसला नव्हता, आणि त्याला त्याचे काही वाटले नव्हते.

कॅथलिक मिस्साबाबत एवढेच सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962-65) ती लॅटिनमध्ये होत असे. वसईत ती आता मराठीत ऐकायला मिळते. भाविक दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात व वेदीकडे पाहून गुडघा टेकतात. आपण शांत उभे राहावे. प्रॉटेस्टंट उपासनेत उपदेशाला जे महत्त्व, ते येथे वेदीवरील विधीला. कम्युनियन मात्र येथेही पाहुण्यांसाठी नाही. मध्येच एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो. शेजारी वळून हात जोडतो, आपणही जोडावेत. मला त्या संपूर्ण तासात तेवढी एकच गोष्ट कोणाकडे न पाहता जमली.

शेवटी अंत्यविधीविषयी, कारण सुरुवात तेथूनच झाली होती. ती उपासना लहान असते: गीत, वाचन, मृताविषयी चार शब्द, प्रार्थना. आत जायला आमंत्रण लागत नाही. मागचे बाक मोकळे असते. त्यानंतर सर्वजण स्मशानभूमीत जातात. शवपेटी खाली सोडली की पाळक प्रार्थना म्हणतात, आणि मग जमलेला प्रत्येकजण पुढे होऊन मूठभर माती टाकतो. 'मूठमाती देणे' हा वाक्प्रचार आपण निबंधांत किती सहज वापरतो! येथे ती खरोखरीची मूठ असते, आणि ती टाकताना तुमचा धर्म कोणी विचारत नाही. त्या दिवशी आम्हां पंधरा जणांच्याही मुठी चालल्या असत्या, असे मित्र म्हणाला.