मैदान कोणाच्या पैशाने?

शहरात नगरपालिका असते. लोक घरपट्टी भरतात, पाणीपट्टी भरतात. तो पैसा साऱ्यांचा. त्यातून रस्ते होतात, नळ येतात, गटारे बांधली जातात. मग त्याच पैशातून पोरांसाठी मैदान करावे का? तालीम बांधावी का?

कोणी म्हणेल, "नळाला पाणी नाही, अन् खेळाला पैसा? खेळानं काय पोट भरतं?"

हे म्हणणे खोटे नाही. तहानलेल्याला आधी पाणीच हवे. पण दुसरी बाजूही ऐका.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. खाशाबा जाधव या गावचे. वडील पैलवान. खाशाबा लहानपणापासून लाल मातीत कुस्ती खेळले.

दर चार वर्षांनी साऱ्या जगाचे सामने भरतात. त्यांना ऑलिंपिक म्हणतात. १९४८ साली ते लंडनला भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा गेले. तेथे कुस्ती गादीवर होती. खाशाबांना सवय मातीची. तरी आपल्या वजनाच्या गटात ते सहावे आले.

पुढचे सामने १९५२ साली हेलसिंकी शहरात होते. जायला पैसा नव्हता. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवले! खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतात एकट्या खेळाडूने मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली.

आता विचार करा. गुण होता, मेहनत होती. नव्हता तो पैसा. पण दर वेळी कोणी आपले घर गहाण ठेवील का? आणि ज्या पोराला असा माणूस भेटत नाही, त्याने काय करावे? श्रीमंताचा मुलगा फी भरून कुठेही खेळेल. गरिबाच्या पोराला साऱ्यांचे मैदान हेच एक मैदान.

मुंबईत दादरला शिवाजी पार्क आहे. १९२५ साली तेथल्या नगरपालिकेने ते लोकांसाठी खुले केले. सचिन तेंडुलकर लहानपणी तेथेच क्रिकेटचा सराव करीत. पण सारेच काही सचिन होत नाहीत. बाकीच्यांना काय मिळते? अंगात ताकद येते. शिस्त लागते. हार पचवता येते. संध्याकाळ गुत्त्यावर जात नाही. हीसुद्धा कमाईच आहे.

कायदाही असेच सांगतो. १९९२ साली राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली. शहराच्या कामांची यादी तिच्यात आहे. त्या यादीत पाणी आहे, रस्ते आहेत आणि खेळाची मैदानेही आहेत. म्हणजे मैदान ही चैन नव्हे.

मात्र पैसा साऱ्यांचा आहे, तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली : मैदान रोज खेळण्यासाठी असावे. वर्षातून एकदा सामने आणि एरवी फाटकाला कुलूप, असे नको.

दुसरी : मुलींनाही तेथे निर्धास्त खेळता यावे. घरपट्टी काही फक्त मुलांचे बाप भरीत नाहीत.

तिसरी : देखभालीचा पैसा आधीच बाजूला ठेवावा. खर्चाचा हिशेब लोकांपुढे मांडावा.

मोकळी जागा, सपाट जमीन, प्यायचे पाणी आणि शिकवणारा माणूस. सुरुवातीला एवढे पुरे. असे मैदान पाण्याच्या आड येत नाही. मोठ्या डामडौलाला मात्र पैसा पुरत नाही.

तुमच्या गावातही हाच प्रश्न आहे. ग्रामसभेला जा. विचारा, "आमची पोरं खेळतात कुठं?"

प्रश्न
१. १९५२ साली खाशाबांपुढे कोणती अडचण होती?
२. साऱ्यांच्या पैशाने मैदान करताना कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात?
३. तुमच्या गावात मुले कोठे खेळतात? मुली कोठे खेळतात? चार ओळी लिहा.