गोगलगाय आणि बकरीची कलेजी

पाऊस सरला की वणा नदीकाठच्या डबक्यांत शंखाच्या गोगलगायी दिसतात. जनावरांच्या शेणा-लेंड्यांतून पाण्यात गेलेली पर्णकृमीची अंडी फुटतात, अळ्या गोगलगायीच्या अंगात वाढतात आणि बाहेर येऊन गवताला चिकटतात. ते गवत खाल्लेली बकरी खंगते, जबड्याखाली सुजते. डबक्याकाठी चारू नका. सूज दिसताच जनावरांच्या दवाखान्यात न्या.

कलेजीत चपटे किडे निघाले की घर घाबरतं. ती फेकाच, पण शिजवलेली कलेजी खाल्ल्याने हा रोग जडत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. माणसाला तो क्वचितच होतो, तोही पाण्यातली कच्ची भाजी, दाताने सोललेले शिंगाडे किंवा न उकळलेलं पाणी यांतून. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर डॉक्टरांना हे खाल्ल्याचं सांगा. शाळेत मिळणारी जंताची गोळी इथे पुरत नाही.