जामीनदाराच्या रकान्यातलं माझं नाव

"सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही सही केलीच कशी?" हा प्रश्न मला इंदापूरच्या बाजारात विचारला गेला, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला, सासुरवाडीतही विचारला गेला. ज्यानं कर्ज थकवलं त्याला मात्र कोणी काही विचारल्याचं माझ्या कानावर नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. आपल्या बारामती-इंदापूर भागात पगारदार माणसाच्या दारी जामीनकीचा कागद घेऊन कोणी ना कोणी येतंच. त्यातल्या एखाद्याला तरी हे वेळेवर वाचायला मिळावं.

बारामतीच्या टी. सी. कॉलेजात असताना मी आणि हा कर्ज थकवणारा मित्र एकाच खोलीत राहायचो. एसटीनं आलेला घरचा डबा दोघांत खायचो. माझे वडील ससूनला होते तेव्हा हा रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसला होता, तेही खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पुढं मी शिक्षक झालो, तो गावी शेती बघू लागला आणि भेटीगाठी थांबल्या.

आमच्या एका सहकाऱ्याच्या सेवानिवृत्तीचं जेवण आम्ही भिगवणला ठेवलं होतं. उजनीच्या फुगवट्यामुळे तिथं सोलापूर हायवेला मच्छीची हॉटेलं ओळीनं उभी आहेत. चिलापी फ्राय, मरळीचा रस्सा, बाजरीची भाकरी, गप्पा रंगलेल्या. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला आणि कॉलेजातल्या नावानं हाक आली. त्या नावानं मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नव्हतं. वळून बघतो तर हा! त्यानं मिठी मारली, डोळे पुसले, सगळ्यांसमोर वडिलांची आठवण काढली. आमचं जेवण होईपर्यंत आख्ख्या टेबलाचं बिल त्यानं गुपचूप भरूनही टाकलं होतं. "सर, मित्र असावा तर असा," असं म्हणत सगळे उठले. मला घरी सोडायला तोच आला. दारात उभा राहून बायकोला म्हणाला, "वहिनी, किती वर्षं शोधत होतो मी ह्याला."

मग येणं-जाणं सुरू झालं. कधी डाळिंबाचं क्रेट, कधी घरच्या म्हशीचं तूप. एका संध्याकाळी त्यानं पिशवीतून कागद काढले. "गोठा वाढवतोय. एचएफ गाई घ्यायच्यात. पतसंस्थेतलं सगळं झालंय, फक्त एक पगारदार जामीनदार लागतोय. तू नाही म्हणालास तरी माझ्या मनात काही राहणार नाही." मी सही केली. पगारपत्रक दिलं, कपातीचं हमीपत्र दिलं. वडिलांच्या उशाशी बसलेल्या माणसाला मी नाही म्हणायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला आजही तसं वाटत नाही. विश्वास मी ठेवला, तो मोडला त्यानं. हिशेब त्याच्याकडे मागा.

सुरुवातीचे हप्ते गेले आणि मग बंद झाले. आधी "दुधाचं बिल आलं की भरतो", मग "उसाचं बिल आलं की भरतो", मग फोनच उचलेना. घरी गेलो तर अंगणात मोटरसायकल उभी, उंबऱ्याजवळ चपला, आणि आतून निरोप, "बाहेर गेलेत." बावड्याला एका लग्नात समोरासमोर आलो तेव्हा चार माणसांत हसून म्हणाला, "तुझा पगार चांगलाय की, तूच भर सध्या." माझी बायको शेजारी उभी होती. ते हसणं तिच्या अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पण खरं काय ते कळलं पतसंस्थेच्या कार्यालयात. कागदांच्या नकला मागायला गेलो होतो. कारकुनानं फाईल उघडून समोर ठेवली. वरच कर्जमागणी अर्ज होता. जामीनदाराच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, शाळेचं नाव, हुद्दा, अंदाजे पगार, सगळं त्याच्या अक्षरात. त्याच्या वह्यांवरून मी परीक्षा दिल्यात, त्याचं अक्षर मला कोणी ओळखून द्यायला नको. अर्जाखालची तारीख मी पुन्हा पुन्हा वाचली. ती आमच्या भिगवणच्या भेटीच्या आधीची होती.

म्हणजे मिठी मारली तेव्हा माझं नाव लिहून झालं होतं. डोळे पुसले तेव्हाही. पुढं आमच्याच स्टाफमधल्या एकानं सांगितलं की आम्ही त्या रात्री कुठं जेवणार, हे त्यानंच याला कळवलं होतं. "जुन्या मित्राला सरप्राइज द्यायचंय," असं हा त्याला म्हणाला होता. त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. पैसे जातात, पुन्हा मिळवता येतात. पण माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा ह्या माणसानं सही मिळवायला उपयोग केला, हे मी कसं विसरू?

आता उपयोगाचं सांगतो. "तू नुसता जामीनदार, कर्ज माझ्या नावावर" हे वाक्य कोणी म्हटलं की सावध व्हा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं आपल्याला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्येच हे स्पष्ट केलंय. मीही आधी हेच म्हणत भांडत होतो. वकिलांनी समजावलं तेव्हा गप्प बसलो.

जामीनपत्र पूर्ण वाचा, विशेषतः मुदतवाढीचं कलम. संस्थेनं याच्या कर्जाचं नवं-जुनं केलं, मला पत्ताही नाही. जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या किंवा कर्जदाराशी मुदतवाढीचा करार केला तर कलम १३३ आणि १३५ जामीनदाराला सोडवतात. पण माझ्या छापील जामीनपत्रात 'वेळोवेळी दिलेल्या मुदतवाढीस माझी संमती आहे' ही ओळ बारीक अक्षरात होतीच. तुमच्या कागदात ती असेल तर खोडून घ्या, नाहीतर सही करू नका. दुसरा जामीनदार कोण आहे तेही बघा. कायद्यानं सहजामीनदारांचा वाटा सारखा असतो, पण माझ्या जोडीला याचा मेहुणा होता आणि त्याला ना नोकरी, ना सातबाऱ्यावर नाव. सगळं माझ्यावर आलं.

सहायक निबंधक कार्यालयातून १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस आली तर सुनावणीला जाच. 'कर्ज त्याचं, मी कशाला जाऊ' म्हणून घरी बसलात तर वसुली दाखला एकतर्फी निघतो. लेखी म्हणणं द्या, खातेउतारा मागा, व्याज आणि दंडव्याज तपासा. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडून भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती ठेवा. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क आपल्याला आहे, मात्र पैसे भरल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. घरात बायकोला विचारल्याशिवाय सही करू नका, हेही सांगून ठेवतो. आणि कागद पुढं करणारा कितीही जवळचा असला तरी आधी पतसंस्थेत स्वतः जा, कर्जमागणी अर्ज बघायला मागा आणि त्यावरची तारीख वाचा. दाखवत नसतील तर तिथूनच परत या.

कपात माझ्या पगारातून चालू आहे आणि माझा दावा कोर्टात आहे. अधूनमधून कॉलेजातली जुनी मंडळी येतात. "मिटवून टाक, एवढी मैत्री होती तुमची," म्हणतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. संस्थेत व्याजासह पूर्ण रक्कम भरल्याची पावती त्यानं आणावी आणि बावड्याच्या लग्नात ज्या चार माणसांसमोर तो हसला, त्याच चार माणसांसमोर माझ्या बायकोची माफी मागावी. त्याआधी कोणी समेटाचा निरोप घेऊन माझ्या घरी येऊ नये.