वह्या आणि पोथ्यांचे चिरजतन : युनिक्स सर्व्हरवर ऑप्टिकल डिस्कची योजना

प्रस्तावना

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकास विनवीत असे की, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिचे रक्षण करावे. वेखंडाचे तुकडे घालून, वस्त्रात घट्ट बांधून आपल्या पूर्वसूरींनी ती विनंती पाळली. आज पोथी संगणकात येते. सैल बांधणीचे भय मात्र संपलेले नाही.

आमचाच अनुभव नमूद करतो. एका दिवंगत ज्येष्ठ वैद्यांच्या अनुभूत योगांच्या वह्या स्कॅन करून आम्ही सर्व्हरच्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. पुढे मूळ वह्यांना वाळवी लागली आणि काही महिन्यांतच ती हार्ड डिस्क बंद पडली. सहज काढून ठेवलेल्या दोन डीव्हीडींपैकी एक वाचता आली. कागदी लेबल चिकटवलेली दुसरी वाचता आली नाही. निम्म्या वह्या कायमच्या गेल्या. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसविली, ती वैद्यबंधूंच्या परिचित क्रमाने येथे देत आहोत.

द्रव्यविचार

साध्या सीडी-आर व डीव्हीडी-आरमध्ये लेखनाचा थर बहुधा सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो. ऊन व उष्णता यांनी तो क्षीण होतो. असेंद्रिय थराची बीडी-आर अथवा एम-डिस्क यासाठी अधिक योग्य होय. एकपदरी बीडी-आरमध्ये २५ जीबी मावतात. एकदा लिहिलेली ही डिस्क पुन्हा लिहिता येत नाही, हाच तिचा मोठा गुण. सर्व्हरवर चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा किंवा विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पूर्वकर्म

१. प्रथम सर्व फाइली एका डिरेक्टरीत आणून त्यांत बदल थांबवावा. ३०० डीपीआयवर स्कॅन केलेले ए-४ आकाराचे रंगीत पान, टिफ स्वरूपात न आवळता ठेवल्यास, सुमारे २६ एमबी होते. डिस्क काठोकाठ न भरता २० जीबी धरल्यास साडेसातशेच्या आसपास पाने मावतात. उरलेल्या जागेत ‘पार-२’सारखी दुरुस्तीची माहिती ठेवावी.

२. फाइलीचे नाव आखूड असावे. युनिक्सवर नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइटची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, ३ बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते. क्रमांक व वर्ष एवढेच नावात ठेवून तपशील वेगळ्या सूचीत द्यावा.

३. प्रत्येक फाइलीची शा-२५६ मुद्रा काढून ती यादी डिस्कवरच ठेवावी. एक बिट जरी बदलला तरी मुद्रा बदलते.

४. रुग्णपत्रिका असल्यास त्या आधी जीपीजीने कूटबद्ध कराव्यात. डिस्कवरील नाव पुढे पुसता येत नाही, हे विसरू नये. किल्ली दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी. ती हरवली तर डिस्क असूनही नसल्यासारखीच.

प्रधानकर्म

लिनक्सवर ड्राइव्ह बहुधा ‘एसआर०’ या नावाने दिसतो. डेबियनमध्ये लेखन करणाऱ्यास ‘सीडीरॉम’ गटात घालावे, म्हणजे रूटचा अधिकार द्यावा लागत नाही. ‘झोरिसो’ने आधी हार्ड डिस्कवर आयएसओ प्रतिमा तयार करावी. त्यात रॉक रिज अवश्य चालू ठेवावे. त्यामुळे लांब नावे, मालकी व परवानग्या टिकतात. मग ती प्रतिमा मध्यम वेगाने डिस्कवर उतरवावी. ‘एफएसटॅब’मध्ये ड्राइव्हच्या ओळीत ‘आरओ’ व ‘नोऑटो’ हे पर्याय लिहावेत, म्हणजे डिस्क आत नसताना सर्व्हर सुरू होताना अडत नाही.

पश्चात्कर्म

लेखन संपले म्हणजे कर्म संपले असे नव्हे. डिस्क बाहेर काढून पुन्हा घालावी, केवळ वाचनासाठी माउंट करावी व सर्व मुद्रा ताडून पाहाव्यात. हेच दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हवरही करावे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा.

पथ्यापथ्य

कागदी लेबल वर्ज्य. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेनने लिहावे. डिस्क कडेला धरावी. डबीत उभी, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. कोकणातील दमट हवेत सिलिका जेल घातलेला बंद डबा हितावह.

उपसंहार

हा उपाय रसायनासारखा आहे. एकदा घेऊन भागत नाही. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये व सोनीने २०२५ मध्ये अशा डिस्कचे उत्पादन थांबविले. डिस्क टिकली तरी ती वाचणारा ड्राइव्ह मिळेलच असे नाही. म्हणून एक जादा ड्राइव्ह जपावा, दरवर्षी प्रत्येक डिस्क तपासून नोंदवहीत तारीख लिहावी आणि पहिली चूक दिसताच नवी प्रत काढावी. गेलेल्या वह्या आम्हांस परत मिळणार नाहीत. ज्यांच्या घरी अशा वह्या अद्याप आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी या कामास आरंभ करावा, एवढीच विनंती.